मेपल लावायचा आहे? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी सप्टेंबरची तयारी

गणपती झाले, पाऊस ओसरू लागला, की बाल्कनीवाली मंडळी नव्या रोपांच्या शोधात निघतात. यंदा मनात मेपल असेल, तर पैसे देण्याआधी थंडीचा हिशेब करा. जपानी मेपल पानगळीचं झाड. हिवाळ्यात काही आठवडे पारा ७ अंशांच्या आसपास उतरला, तरच त्याला पुरती विश्रांती मिळते आणि पुढे डोळे जोमानं फुटतात. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा १२ च्या खाली क्वचितच जातो. म्हणून नवं रोप छान दिसतं, पण वर्षागणिक फूट मंदावते. पानगळीआधीचा लालभडक रंग तर इथे धरूच नका.

तरीही हौस असेल, तर तीन टोकांच्या पानांचा ट्रायडंट मेपल घ्या. बोन्सायवाल्यांचा हा आवडता, आणि उन्हाला जपानीपेक्षा चिवट. घेताना फांदी नीट बघा. मेपलची पानं समोरासमोर, जोडीनं येतात. एकाआड एक आली असतील, तर ते मेपल नव्हे. लाल पानांचं, जास्वंदीच्या कुळातलं एक झुडूप फसवण्याइतकं त्याच्यासारखं दिसतं. निळ्या मेपलच्या बिया कुणी विकत असेल, तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका. निळ्या पानांचा मेपल नसतो.

बियांपासून करायचं तर आत्ताच लागा. बिया दिवसभर कोमट पाण्यात भिजवा, ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) घालून झिपच्या पिशवीत भरा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ९० ते १२० दिवस ठेवा. फ्रीझरमध्ये नको. अधूनमधून बुरशी तपासा. डिसेंबर-जानेवारीत बाहेर काढल्या, की कोवळ्या रोपांना उन्हाळ्याआधी थोडी सौम्य हवा मिळते.

कुंडी मातीची, पूर्वेच्या बाल्कनीत. नुसती लाल माती घट्ट बसते आणि पावसात मुळं कुजतात, म्हणून तेवढंच कोकोपीट, तेवढीच जाडसर रेती आणि मूठभर गांडूळखत मिसळा. एप्रिलमध्ये पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या, की बरेच जण घाबरून पाणी वाढवतात. तसं करू नका! आधी बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल असेल, तर दोष दुपारच्या उन्हाचा, गरम वाऱ्याचा, नाहीतर खाडीलगतच्या बोअरवेलच्या खारट पाण्याचा. कुंडी सावलीत सरकवा, नळाचं पाणी द्या. पावसाळ्यात ती विटांवर चढवून छपराखाली ठेवा.

बंगला किंवा सोसायटीचं मोकळं आवार असेल, तर माझा आग्रह कोशिंबाचा. मेपल आणि कोशिंब एकाच कुळातले, रिठ्याच्या. फाल्गुनात येऊरच्या जंगलात कोशिंबाला लालचुटूक पालवी फुटते, ती एकदा जाऊन बघा. लाल पानांसाठी थंडीची वाट बघावी लागत नाही. झाड मोठं होतं, म्हणून भिंतीपासून किमान २० फूट लांब लावा. सप्टेंबरात लावलंत, तर पहिला उन्हाळाभर पाणी घालावं लागेल. जूनपर्यंत थांबता आलं तर उत्तम.