अंगावर सापडलेली गोचीड: काढावी कशी, जपावी कशी आणि नोंदवावी कशी

गोचीड अंगाला चिकटलेली दिसली की किळस येते आणि हात आपसूक तिला ओरबाडून फेकायला जातो. तो हात थोडा आवरावा, यासाठी हा लेख. नीट काढलेली गोचीड तुमच्या डॉक्टरांच्या उपयोगाची असते. तारीख आणि ठिकाण लिहून जपलेली गोचीड त्याहून पुढे जाते, कारण प्राण्यांकडून माणसांत येणाऱ्या आजारांचा माग काढणाऱ्यांना अशाच नमुन्यांवर काम करावं लागतं.

2017 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एका मेंढीच्या अंगावर गोचिडींचा नुसता थर साचला होता. मेंढीची मालकीण थेट आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेली. तपासणीत ती गोचीड हिमाफायसॅलिस लाँगिकॉर्निस जातीची निघाली. ही पूर्व आशियातली जात, तिथे एका घातक तापाचा विषाणू पसरवणारी, आणि तिची मादी नराशिवायही अंडी घालू शकते. मग संग्रहातले जुने नमुने पुन्हा काढून पाहिले गेले, तेव्हा वेस्ट व्हर्जिनियात 2010 मध्ये एका हरणाच्या अंगावरून गोळा केलेला नमुना त्याच जातीचा निघाला. सात वर्षं ही गोचीड त्या देशात होती आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. एका शेतकरी बाईने चौकशी केली आणि कोणीतरी कुपीवर नीट तपशील लिहून ठेवला होता, म्हणून हे कळलं.

पायरी 1: अंग तपासा

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकावर पुढचे पाय पसरून ती वाट बघत बसते. त्या पायांवर असलेल्या अवयवाने तिला श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब कळते. आपला पाय घासून गेला की ती धरते आणि वर चढत जाते. म्हणून गवतातून, जंगलातून किंवा गोठ्यातून आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू, कमरेचा पट्टा, बेंबी, कानामागची जागा आणि केसांची मुळं बोटांनी चाचपून पाहायची. पाठ दुसऱ्याकडून तपासून घ्यावी. लहान मुलांचं डोकं तर नक्कीच.

चावा दुखत नाही. तिच्या लाळेत वेदना दाबणारे आणि रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात, त्यामुळे 'चावली असती तर कळलं असतं' यावर मुळीच विसंबू नका. त्यात निम्फ, म्हणजे अळीनंतरची आणि प्रौढ होण्याआधीची अवस्था, खसखशीच्या दाण्याएवढी असते. लाइम या गोचिडीतून येणाऱ्या जिवाणूच्या आजारात माणसाला जास्त धोका याच अवस्थेचा, कारण ती दिसतच नाही.

कपडे नुसत्या थंड पाण्यात धुतल्याने गोचिडी मरत नाहीत. आधी कोरडे कपडे ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटं फिरवले, तर मरतात.

पायरी 2: चिमट्याने काढा

बारीक टोकाचा चिमटा घ्या. गोचिडीला तिच्या फुगलेल्या पोटाला न धरता त्वचेच्या अगदी लगत, तोंडाजवळ धरायचं. मग सरळ वर, एकसारख्या ताणाने ओढायचं. झटका नाही, पिळणं नाही. त्वचा तंबूसारखी थोडी वर येईल. तसाच ताण धरून ठेवा, ती सुटते. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि चिमट्याने सहज निघाला तर काढा, नाहीतर सुईने उकरत बसू नका. त्वचा तो आपोआप बाहेर टाकते.

रॉकेल, व्हॅसलिन, नेलपॉलिश, पेटती काडी, तेल हे सगळे उपाय पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात आणि सगळेच टाळायला हवेत. गोचीड आपणहून सुटेपर्यंत वेळ जातो, आणि डिवचल्यामुळे तिच्या पोटातला द्रव जखमेत उतरण्याची भीती असते. वेळ तर इथे फार मोलाचा. लाइमचा जिवाणू माणसात शिरायला गोचीड साधारण 24 तासांहून जास्त वेळ चिकटलेली असावी लागते. पण पोवासान नावाचा विषाणू पंधरा मिनिटांतही शिरू शकतो. म्हणून दिसली की काढायची; दवाखान्यात जाऊन काढून घेऊ म्हणून थांबायचं नाही.

गोचीड नखावर चिरडू नका. गुरांच्या अंगावरच्या गोचिडी उघड्या हातांनी तोडून चिरडायची सवय तर सोडायलाच हवी. क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप हायलोमा गटातल्या गोचिडीच्या चाव्याने होतो, तसाच चिरडलेल्या गोचिडीच्या आणि बाधित जनावराच्या रक्तामुळेही होतो. 2011 च्या जानेवारीत गुजरातमध्ये या तापाचा उद्रेक झाला, तेव्हा रुग्णांवर उपचार करणाऱ्यांनाही लागण झाली होती. हातमोजे घाला. नंतर चाव्याची जागा आणि हात साबणाने धुऊन स्पिरिट लावा.

पायरी 3: फोटो काढा, मग कुपीत ठेवा

गोचीड पांढऱ्या कागदावर ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि अगदी वरून फोटो काढा. पाठ स्पष्ट दिसली पाहिजे. आपल्याला सहसा ज्या गोचिडी चावतात त्यांच्या पाठीवर एक कडक ढाल असते. नरात ती पूर्ण पाठ झाकते, तर मादीत आणि निम्फमध्ये फक्त पुढचा भाग. या ढालीचा रंग आणि नक्षी यांवरून जात ओळखायला मोठी मदत होते. दुसरी गोष्ट त्याहून सुंदर आहे. रक्त पिताना पोट फुगत जातं, पण ढाल तेवढीच राहते. त्यामुळे ढालीच्या मापाशी पोटाची तुलना करून ती साधारण किती तास चिकटलेली होती याचा अंदाज जाणकार बांधतात. तुम्ही पोट दाबून फोडलंत, तर ही माहितीही गेली.

फोटोनंतर झाकणाची छोटी बाटली घ्या, गोचीड बुडेल इतकं अल्कोहोल त्यात घाला आणि तिला आत टाका. 70 टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोल चालतं. त्यात शरीराची ठेवणही टिकते आणि जंतूंचा डीएनएही तपासता येतो. विषाणूंच्या काही तपासण्यांना मात्र गोठवलेला किंवा जिवंत नमुना लागतो, म्हणून एखाद्या प्रयोगशाळेला द्यायची असेल तर आधी विचारून घ्या.

पायरी 4: चिठ्ठी लिहा

माझ्या मते संपूर्ण कामातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच गाळली जाते. चिठ्ठी नसलेली गोचीड म्हणजे फक्त एक मेलेला जीव. चिठ्ठी कागदावर, शिसपेन्सिलीने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी निघून पडते.

तिच्यावर असावं ते असं: काढल्याची तारीख, गोचीड कुठे लागली असावी ती जागा, गावाच्या नावावर न थांबता 'ओढ्याकाठचं उंच गवत' किंवा 'जंगलाच्या कडेची पायवाट' इतकी नेमकी, जमल्यास फोनवरचे अक्षांश-रेखांश, कोणाच्या अंगावर होती, माणूस, कुत्रा, गाय की शेळी, शरीराच्या कोणत्या भागावर, आणि गेल्या दोन आठवड्यांत कुठे प्रवास झाला. शेवटचा मुद्दा छोटा वाटतो, पण गोचीड बाहेरगावाहून आली असेल तर नकाशावरचा ठिपका चुकीच्या जागी पडतो.

या ठिपक्यांचं पुढे काय होतं? संशोधक स्वतःही गोचिडी गोळा करतात. एक मीटर लांब-रुंद पांढरं फलालीन गवतावरून हळूहळू ओढत न्यायचं, दर दहा-वीस मीटरला उलटून मोजायचं आणि ठरावीक क्षेत्रात किती सापडल्या ते लिहायचं. काम खात्रीचं, पण प्रत्येक रानात प्रत्येक ऋतूत कापड ओढणं कोणालाच शक्य नाही. लोकांनी पाठवलेल्या नमुन्यांनी ही पोकळी भरते.

पायरी 5: मेलेल्या प्राण्यांकडे लक्ष द्या, हात लावू नका

1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाचे रुग्ण दिसू लागले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा केला आणि हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड तो पसरवते हे दाखवलं. हेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखलं जातं. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या बाधित गोचिडी खाली उतरतात आणि ती जागाच धोक्याची होते. तेव्हा रानात माकड मेलेलं दिसलं तर दूर राहा, जागा लक्षात ठेवा आणि त्याच दिवशी वन किंवा आरोग्य खात्याला कळवा.

पायरी 6: तीस दिवस तारीखवार टिपून ठेवा

ताप, थंडी, डोकेदुखी, अंगदुखी, सांधेदुखी, अंगावर पुरळ, चाव्याभोवती पसरणारा लाल चट्टा यांपैकी काहीही दिसलं तर तारखेसह लिहा आणि चट्ट्याचा रोज फोटो घ्या. लाइमचा चट्टा 3 ते 30 दिवसांत येतो आणि हळूहळू पसरत जातो. पहिल्या एक-दोन दिवसांतच आलेली छोटी लाली बहुधा चाव्याची साधी प्रतिक्रिया असते.

अशा घरगुती टिपणांनी इतिहास घडलेला आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावच्या आयांनी आपल्या आणि शेजारच्या मुलांच्या सांधेदुखीचा हिशेब ठेवला आणि डॉक्टरांचा पिच्छा सोडला नाही. त्यातून सुरू झालेला शोध 1981 मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडींच्या आतड्यात नागमोडी जिवाणू दिसले तिथपर्यंत गेला.

पायरी 7: डॉक्टरांना स्वतःहून सांगा

या आजारांचा पहिला आठवडा कुठल्याही साध्या तापासारखा असतो. 'गोचीड चावली होती' हे वाक्य तुम्ही उच्चारलं नाही, तर डॉक्टरांच्या मनात तो विचार येईलच असं नाही. कुपी, फोटो आणि टिपण सोबत न्या. गुरांजवळ काम, कच्चं दूध पिणं, जनावराच्या बाळंतपणात मदत हेही सांगा, कारण ब्रुसेलोसिस आणि क्यू ताप हे जनावरांकडून येणारे जिवाणूंचे आजार त्या वाटेने येतात.

पहिल्याच आठवड्यात केलेली प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) तपासणी नकारात्मक आली म्हणून निर्धास्त होऊ नका. शरीराला प्रतिपिंडं तयार करायला वेळ लागतो. म्हणून दोन ते चार आठवड्यांनी दुसरा नमुना घेतात आणि प्रमाण चौपटीने वाढलं का ते पाहतात. उपचार मात्र त्यासाठी अडवून ठेवायचे नसतात. रॉकी माउंटन स्पॉटेड तापासारख्या, रिकेट्सिया नावाच्या जिवाणूंच्या आजारात संशय येताच डॉक्सीसायक्लीन हे प्रतिजैविक सुरू करतात, लहान मुलांनाही, कारण उशीर जिवावर बेतू शकतो. आणि गोचिडीत जंतू सापडला म्हणजे तुम्हाला लागण झालीच असं नाही, नाही सापडला म्हणजे सुटलात असंही नाही. दुसरी एखादी गोचीड नजरेतून निसटलेली असू शकते. औषध तुमची लक्षणं पाहून ठरतं.

पुढच्या वेळेसाठी

लांब बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, फिक्या रंगाचे कपडे. उघड्या त्वचेवर डीईईटी किंवा पिकारिडिन ही गोचिडींना दूर ठेवणारी औषधं, कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक. पर्मेथ्रिन त्वचेवर लावायचं नसतं आणि मांजरांना ते विषारी आहे. कुत्र्याला गोचिडीचं औषध देताना घरात मांजर आहे हे पशुवैद्यकांना आधी सांगा.