जुनं इंद्रजाल कॉमिक ऑनलाइन घेताय? मधल्या पानांचा फोटो मागा

वेताळ, मँड्रेकचे जुने अंक विकणारे फक्त कव्हरचा चकाचक फोटो टाकतात आणि घरी आल्यावर कळतं मधली पानंच गायब.

१. पैसे पाठवायच्या आधी दोन्ही पिना दिसतील असा बरोब्बर मधल्या पानांचा फोटो मागा.
२. नंबर सलग आहेत का बघा, ३२ पानी अंकात १६ समोर १७ हवं, १४ समोर १९ असेल तर मधला कागद गेला, म्हणजे चार पानं.
३. बाहेरचा कागद निसटला तर पुढची दोन आणि मागची दोन जातात, त्यामुळे पानं उलटतानाचा व्हिडिओही मागाच, टाळाटाळ केली तर सरळ सोडून द्या.

आणि सुटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात नको, पिवळी पडते आणि डाग जात नाही.