सेमी-ऑटो शॉटगन अडकतेय? गॅस सिस्टिम साफ करताना या चुका टाळा

ठाण्याच्या हवेत लोखंड सांभाळणं सोपं नाही. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये जुलैत कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी चढते, तिथे बंदुकीची काय कथा! म्हणून परवानाधारक गंजाच्या धास्तीने तेल ओतत सुटतात. दुनाळी बंदुकीत ते खपून जातं, गॅसवर चालणाऱ्या, पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटोत मात्र तेच तेल अंगाशी येतं.

बार झाला की नळीखालच्या बारीक छिद्रांतून थोडा गॅस निघतो आणि मॅगझीन ट्यूबवरच्या (काडतुसं साठवायच्या नळीवरच्या) पिस्टनला मागे रेटतो. पिस्टन बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या भागाला, मागे नेतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते. त्या गॅससोबत दारूची काजळी येते. कोरड्या ट्यूबवरची काजळी फडक्याने बरीचशी निघते. तेलकट ट्यूबवर ती भाजून डांबरासारखी चिकटते आणि पिस्टन जड होतो.

बेनेली एम-२ सारख्या बंदुका इनर्शियावर, म्हणजे बाराच्या धक्क्याच्या जोरावर चालतात, त्यांत गॅस सिस्टिमच नसते. तेव्हा आपली बंदूक कोणत्या जातीची, ते मॅन्युअलमध्ये आधी पाहा.

चेंबर पाहिलं, ट्यूब राहिली

ही सगळ्यात घातक चूक. चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) रिकामं दिसलं तरी ट्यूबमध्ये किंवा लिफ्टरवर (काडतूस उचलून चेंबरकडे नेणाऱ्या पट्टीवर) काडतूस असू शकतं. नळी सुरक्षित दिशेला ठेवून तिन्ही जागा डोळ्यांनी पाहा, बोट घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. मागे अडकवलेला बोल्ट सुटला तर अंगठा ठेचतो, म्हणून पोर्टमध्ये (रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खिडकीत) बोट घालताना बोल्टचं हँडल दुसऱ्या हाताने घट्ट धरा.

रोग एक, औषध भलतंच

काडतूस बदलून पाहण्याआधी बंदूक उघडू नका. जड काडतुसांसाठी बनवलेल्या बंदुकीचा बोल्ट २४ ग्रॅम छर्र्यांच्या हलक्या काडतुसावर पूर्ण मागे जाईलच असं नाही. रिकामं काडतूस पोर्टमध्येच अडकत असेल, तर गॅसचा जोर कमी पडतोय: छिद्रं बुजली असतील, पिस्टन जड झाला असेल किंवा गॅस रोखणारं सील गेलं असेल. काडतूस नीट बाहेर पडतंय पण बोल्ट पुढे येऊन पूर्ण बंद होत नसेल, तर स्प्रिंगकडे बघा. रेमिंग्टन ११०० मध्ये ही स्प्रिंग दस्त्यातल्या नळीत असते. पावसाळ्यात तिथे ओल शिरते, गंज धरतो, आणि वर्षानुवर्षं ती कुणी उघडतही नाही. पिस्टन आरशासारखा चकाकतो आणि बंदूक तरीही अडकते, त्याचं मूळ बरेचदा इथे असतं.

घासण्याचा अतिउत्साह

पॉलिश पेपर आणि स्टीलची तारघासणी पिस्टनला लावू नका. पिस्टन ट्यूबवर अगदी मापात बसतो. तो झिजला की गॅस बाजूने निसटतो आणि ते माप परत येत नाही. सॉल्व्हंट लावून थोडा वेळ थांबा, मग नायलॉनच्या किंवा पितळी ब्रशने काढा. गॅसच्या छिद्रांसाठी पाइप क्लीनर किंवा लाकडी टूथपिक पुरते. ड्रिल अजिबात नको. छिद्र मोठं झालं तर बोल्ट प्रत्येक बाराला मागे आपटत राहतो.

सॉल्व्हंट रबरावर सांडू नका. ११०० मध्ये ट्यूबच्या खाचेत एक साधी ओ-रिंग (गोल रबरी कडी) असते. ती फुगली किंवा चिरली की गॅस गळतो आणि सेमी-ऑटो बंदूक एकेरी, म्हणजे दर बाराला हाताने भरायची, होऊन बसते. एक जादा रिंग पेटीत असू द्या. भाग सुटे करताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण पिस्टन आणि त्याच्या सीलचा क्रम उलटला तरी हेच दुखणं होतं.

रॉकेल वापरणार असाल तर खिडकी उघडी, शेगडी आणि देवघरातला दिवा बंद. नंतर भाग पूर्ण कोरडे पुसा.

तेल कुठे, किती

खोबरेल किंवा कुठलंही खाद्यतेल नको, ते चिकट होतं. पिस्टनवर आणि ट्यूबवर हलक्या गन ऑइलचा थेंब लावून तो लगेच कोरड्या फडक्याने पुसून टाका. बोट फिरवल्यावर ओलं लागलं तर तेल जास्त झालं. नळीला बाहेरून मात्र पातळ थर हवाच, कारण घामेजल्या हाताचे ठसे आपल्या हवेत लवकर गंजतात. साफ केल्यावर बंदूक नळी वर करून उभी ठेवू नका, उरलेलं तेल उतरून ॲक्शनमध्ये (बोल्टच्या यंत्रणेत) आणि दस्त्याच्या लाकडात जिरतं. फोमच्या केसमध्ये ओल कोंडते. कोरडं कपाट आणि सिलिका जेल बरं.

निवडणुकीच्या आचारसंहितेत ज्यांना बंदूक जमा करावी लागते, त्यांनी जमा करण्याआधी बाहेरून तेल लावावं आणि गॅस सिस्टिम कोरडी ठेवावी. परत मिळाल्यावर आधी सगळं उघडून जुनं घट्ट झालेलं तेल काढा, नळी आरपार मोकळी आहे ना ते पाहा, आणि मगच रेंजवर न्या.

काडतूस बदललं, पिस्टन हलका झाला, रिंग नवी घातली, तरी अडकत असेल तर पुढे घरी खटपट नको. बंदूक आणि मूळ परवाना घेऊन अधिकृत गनस्मिथकडे जा, आणि बंदूक नेमकी कुठे अडकते, कोणत्या काडतुसावर अडकते, ते लिहून न्या.