रोजच्या पूजेआधीची शुद्धी : मन लावून कशी करावी

पूजेला बसण्याआधी आमची आजी एकच गोष्ट बघायची, ताम्हणाची कड. मधला भाग सगळेच घासतात. गंध आणि हळद साचते ती कडेच्या दुमडीत. तिथे नख फिरवलं की उपकरणी कुणी घासली आणि तेव्हा त्याचं लक्ष कुठे होतं, हे ती बरोबर सांगायची. हात आणि मन एकाच जागी असणं, पूजेच्या शुद्धीत मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ती करायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

सुरुवात निर्माल्यापासून करा. कालची फुलं उतरवा, हारातला दोरा काढा आणि फुलं कुंडीच्या मातीत घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून नदीत टाकलेलं निर्माल्य नदीलाच घाण करतं, आणि त्याच नद्यांना आपण थोड्या वेळाने कलशात बोलावणार असतो.

मग उपकरणी. तांब्यावरचा काळपट थर चिंचेतल्या आम्लाने सुटतो. भिजवलेली चिंच आणि चिमूटभर मीठ लावून घासा, लगेच धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. ओलं राहिलं तर डाग पडतात. देवांना मात्र घासणी लावू नका. वर्षानुवर्षं घासून नाकडोळे पुसट झालेले रांगते बाळकृष्ण कितीतरी देव्हाऱ्यांत दिसतात. मूर्तींना मऊ फडकं आणि पाणी पुरे.

आंघोळ करून धुतलेलं, कोरडं वस्त्र नेसा. सोवळं असेल तर उत्तम, नसेल तर स्वच्छ सुती कपडेही चालतील. सोवळ्याच्या नावाखाली माणसांना दूर ठेवलं गेलं, घरातल्या बायकांना चार दिवस कोपऱ्यात बसवलं गेलं. त्याला शुद्धी म्हणायला माझं मन धजत नाही.

बसण्याआधी सगळं हाताशी घ्या : पळी-पंचपात्र, ताम्हण, कलश, शंख, घंटा, फुलं, गंध, अक्षता, तुळस, काडेपेटी. एका काडेपेटीसाठी उठलात की लक्ष मोडतं. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून आसनावर बसा.

आता आचमन. ते सावकाश करा. उजवा तळहात गाईच्या कानासारखा खोलगट करा आणि डाव्या हाताने पळीतून पाणी घ्या. किती? तळहातावर उडदाचा दाणा बुडेल एवढंच. पाणी गार असावं, त्यावर फेस नसावा. ‘केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः’ म्हणत, दर नावाला एकदा, अंगठ्याच्या मुळाकडून ते प्या, आवाज न करता. ‘गोविंदाय नमः’ म्हणताना पाणी हातावरून ताम्हणात सोडा. चोवीस नावांपैकी उरलेली हात जोडून म्हणा. एवढंसं पाणी न सांडता आणि आवाज न करता घ्यायचं तर हात स्थिर लागतो, आणि हात स्थिर करताना श्वासही संथ होतो. नावं म्हणताना मन भाजीच्या यादीकडे गेलं, तर जिथे सुटलं त्या नावापासून पुन्हा सुरू करा. मी अजूनही कित्येकदा तसं करतो.

आचमनानंतर प्राणायाम, मग संकल्प. संकल्प लोक भराभर म्हणून टाकतात, पण मला तो फार प्रिय आहे. त्यात शालिवाहन शक, महिना, पक्ष, तिथी, वार सांगायचा, आणि आपण गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहोत की उत्तर तीरावर, तेही सांगायचं. आज तिथी कोणती हे आधी पंचांगात किंवा कॅलेंडरवर बघून ठेवा. कुठे आणि कधी बसलो आहोत हे स्वतःच्या तोंडाने उच्चारलं की माणूस खरोखर तिथे येतो. परदेशात असाल तर तिथल्या नदीचं नाव घ्यायला माझ्या मते काहीच हरकत नाही.

कलशाला गंध-फूल वाहून ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति । नर्मदे सिन्धु कावेरि जलेऽस्मिन् संनिधिं कुरु’ म्हणा. नळाचं पाणी असलं तरी म्हणा. शंख आणि घंटा पूजा, दिव्याला गंध-फूल वाहा.

शेवटी प्रोक्षण. तुळशीच्या पानाने कलशातलं पाणी पूजेच्या साहित्यावर आणि स्वतःवर शिंपडत म्हणा : ‘अपवित्रः पवित्रो वा सर्वावस्थां गतोऽपि वा । यः स्मरेत्पुण्डरीकाक्षं स बाह्याभ्यन्तरः शुचिः’. कुठल्याही अवस्थेतला माणूस असो, त्या कमलनयनाचं स्मरण केलं की तो आतून-बाहेरून शुद्ध होतो, असा त्याचा अर्थ. आजारपणामुळे आंघोळ करता येत नसेल, तर तेवढा श्लोक म्हणून चार थेंब अंगावर घ्या आणि देवासमोर बसा. थेंब कपाळावर पडला की तो गार स्पर्श जाणवू द्या, आणि मगच पहिलं फूल हातात घ्या.