गाडीत इन्व्हर्टर बसवताना या चुका टाळा

गाडीत इन्व्हर्टर बसवणारे बहुतेक जण २३० व्होल्टच्या सॉकेटला जपतात आणि बॅटरीकडून येणाऱ्या दोन वायरी मात्र हाताला येतील तशा जोडून टाकतात. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, मग त्याची काय भीती, असा हिशेब असतो. शॉक सहसा बसत नाही हे खरं आहे. पण इन्व्हर्टर बीप करून बंद पडणं, वायरीच्या टोकाला लावायचं धातूचं थिंबल जळणं, वायरीतून धूर येणं हे सगळं बहुतेक वेळा याच १२ व्होल्टच्या बाजूला घडतं.

कारण साध्या भागाकारात आहे. १००० वॅटची किटली घरच्या २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर घेते. तीच किटली १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची तर १००० भागिले १२, म्हणजे ८३ अँपिअर. इन्व्हर्टर स्वतः १० ते १५ टक्के वीज उष्णतेत घालवतो, ती धरली तर आकडा ९५ च्या आसपास जातो. बॅटरी उतरत गेली की व्होल्टेज कमी होतं, आणि तेवढेच वॅट काढायला इन्व्हर्टर आणखी अँपिअर ओढतो. घरात या लोडला दीड स्क्वेअर एमएमची वायर पुरते. गाडीत तीच वायर लावली तर तिचं इन्सुलेशन काही क्षणांत वितळेल.

बारीक केबल

मी पहिल्यांदा इन्व्हर्टर बसवला तेव्हा ६ स्क्वेअर एमएमची वायर वापरली. दिसायला ती चांगली जाडजूड होती. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत अंतर अडीच मीटर. मोबाइल, लॅपटॉप सगळं व्यवस्थित चार्ज व्हायचं. किटली लावली की मात्र दहा सेकंदांत बीप आणि इन्व्हर्टर बंद. मी आधी इन्व्हर्टरला दोष दिला, मग बॅटरीला. दुसऱ्या गाडीची भरलेली बॅटरी लावून पाहिली, तरी तेच. शेवटी किटली चालू असताना मल्टीमीटर लावला. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.१ व्होल्ट, आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर जेमतेम साडेदहा. दीड व्होल्ट वाटेतच जिरत होते. ९५ अँपिअरला दीड व्होल्ट म्हणजे सुमारे १४० वॅटची उष्णता, आणि ती सगळी कार्पेटखालच्या वायरीत आणि तिच्या टोकांत. थिंबलजवळचं लाल इन्सुलेशन बोटानं दाबलं तर ठसा उमटला, इतकं ते मऊ झालं होतं. त्या दिवशी इन्व्हर्टर बंद पडला नसता आणि किटली उकळेपर्यंत सगळं चालू राहिलं असतं, तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

तीच जोडणी ३५ स्क्वेअर एमएमच्या केबलनं केली तेव्हा केबलमधली घट पाव व्होल्टच्या आत आली. अंतर मोजताना जाण्याची आणि येण्याची, अशा दोन्ही वायरींची लांबी धरायची हे विसरू नका. अडीच मीटर अंतर म्हणजे पाच मीटर तांबं. म्हणूनच इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ ठेवावा आणि लांबवायची झाली तर २३० व्होल्टची बाजू लांबवावी. तिथे अँपिअर कमी असल्यानं नुकसान नगण्य असतं.

केबल विकत घेताना ती पूर्ण तांब्याची आहे ना, हे कापलेल्या टोकाला खरवडून बघा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल त्याच जाडीला जास्त गरम होते.

टोकं हा केबलइतकाच महत्त्वाचा भाग आहे. पकडीनं चेपलेलं थिंबल हातानं ओढलं तर घट्ट वाटतं, पण आत तारांमध्ये हवा राहते आणि १०० अँपिअरला तीच जागा तापते. जाड थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरनंच दाबून घ्या. स्वतःकडे नसेल तर जिथे आहे तिथून दाबून आणा. आणखी एक चूक सर्रास दिसते, ती म्हणजे थिंबल आणि टर्मिनलच्या मध्ये वॉशर घालणं. करंट थिंबलमधून थेट टर्मिनलमध्ये जायला हवा. वॉशर वरच्या बाजूला, नटखाली.

फ्यूज इन्व्हर्टरजवळ लावणं

फ्यूज इन्व्हर्टरला वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. हा बाहेरचा फ्यूज केबलसाठी असतो. इन्व्हर्टरशेजारी फ्यूज लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची अख्खी केबल संरक्षणाशिवाय राहते. पत्र्याच्या कडेवर घासून तिचं इन्सुलेशन फाटलं की शॉर्ट फ्यूजच्या अलीकडे होतो, आणि फ्यूज शाबूत राहून केबल पेटते. गाडीची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर सहज देते. म्हणून फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून एका वितीच्या आत हवा.

किती अँपिअरचा? इन्व्हर्टरच्या कमाल करंटपेक्षा थोडा जास्त, आणि केबल जेवढा करंट कायम सोसू शकते त्यापेक्षा कमी. वरच्या उदाहरणात ३५ स्क्वेअर एमएमच्या केबलला १२५ अँपिअरचा, बोल्टनं आवळायचा फ्यूज योग्य. लिथियम बॅटरी असेल तर क्लास टी फ्यूज घ्या, कारण लिथियमचा शॉर्ट करंट इतका मोठा असतो की साधा फ्यूज उडूनही आतली ठिणगी तुटेलच असं नाही. आणि फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकणं, हे कृपया कुणीही करू नका. तो काहीतरी सांगतोय, ते आधी शोधा.

केबल इंजिनकडून केबिनमध्ये येते तिथल्या भोकात ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रबरी रिंग हवीच. सायलेन्सरचा पाइप, पेडल, स्टिअरिंगचा दांडा आणि सीटची सरकती पट्टी यांच्यापासून ती लांब ठेवा. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी आणि पिवळे कनेक्टर दिसले तर हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

निगेटिव्ह वायर कुठेही जोडणं

बॉडीच्या रंगवलेल्या बोल्टला निगेटिव्ह लावली की लॅपटॉप चालतो, किटली चालत नाही. रंग, गंज, मातीचा थर हे सगळं अडथळा करतं. मोठ्या लोडला निगेटिव्हसाठीही पॉझिटिव्हइतकीच जाड केबल ओढा. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीतून किती करंट गेला आणि आला, याचा हिशेब तो ठेवतो. इन्व्हर्टरची वायर थेट टर्मिनलच्या खांबाला जोडली तर सेन्सरला तुमचा लोड दिसतच नाही आणि गाडी बॅटरी भरलेली आहे असं समजून चालते. अशा गाडीत वायर सेन्सरच्या पलीकडे, बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे आवळलेली असते तिथे जोडतात.

लायटरच्या सॉकेटवर भरवसा

सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते २० अँपिअरचा असतो. म्हणजे फ्यूज १० अँपिअरचा असेल तर १०० वॅट, १५ चा असेल तर १५० वॅटपर्यंत ठीक. तिथे ३०० वॅटचा इन्व्हर्टर खोचून पूर्ण लोड दिला तर फ्यूज उडेल, आणि उडाला नाही तर सॉकेटचं प्लास्टिक मऊ पडेल.

खोक्यावरचा मोठा आकडा

२००० वॅट असं ठसठशीत छापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात सतत चालणारे १००० वॅट. पहिला आकडा क्षणभराचा आहे, खरेदी दुसऱ्यावर करा. मायक्रोवेव्हवर लिहिलेले ८०० वॅट ही अन्नाला मिळणारी शक्ती असते, प्लगमधून तो १२०० किंवा जास्त घेतो. फ्रिज चालताना १००–१५० वॅट घेत असला तरी कॉम्प्रेसर सुरू होताना कित्येक पट ओढतो. म्हणून ३०० वॅटच्या इन्व्हर्टरवर छोटा फ्रिज टकटक करत राहतो, सुरू होत नाही.

मॉडिफाइड साइन वेव्ह, म्हणजे गुळगुळीत लहरीऐवजी चौकोनी लहर देणारा इन्व्हर्टर स्वस्त मिळतो. त्यावर लॅपटॉपचा ॲडॉप्टर बहुधा चालतो, पण मोटर गुणगुणते आणि गरम होते. फ्रिज, पंखा किंवा श्वासासाठीचं वैद्यकीय यंत्र चालवायचं असेल तर घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा प्युअर साइन वेव्हच घ्या, तिथे काटकसर नको.

घरचा इन्व्हर्टर उचलून गाडीत

हे करण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. घरच्या इन्व्हर्टरमध्ये चार्जर असतो, पण तो मेन लाइनवर चालतो, गाडीच्या अल्टरनेटरशी, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या जनरेटरशी, त्याचा काही संबंध नाही. शिवाय आतला जड ट्रान्सफॉर्मर भिंतीशेजारी स्वस्थ बसण्यासाठी बनवलेला असतो, खड्ड्यांतल्या हादऱ्यांसाठी नाही. त्याची पाण्याची बॅटरी वळणावर कलंडली तर ॲसिड सांडतं, आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीनं पेट घेतो, म्हणून अशी बॅटरी आणि इन्व्हर्टर एका बंद पेटीत कधीच नको. घरचा इन्व्हर्टर २४ व्होल्टचा असेल तर कारमध्ये तो चालणारच नाही. उलट २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढू नका. ती एक उतरत जाते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात.

इंजिन बंद, लोड चालू

गाडीची बॅटरी स्टार्टरला काही सेकंद जोर देण्यासाठी असते. ६० अँपिअर-अवर हा आकडा २० तासांच्या हिशेबानं दिलेला असतो, म्हणजे ३ अँपिअर २० तास. ९५ अँपिअर ओढले तर अर्धा तासही भरवशाचा नाही, आणि बॅटरी पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरली की तिच्या पातळ प्लेट्स खराब होतात. इंजिन चालू ठेवलं तरी न्यूट्रलवर अल्टरनेटर पूर्ण क्षमतेनं वीज देत नाही, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं तर जिवावर बेतणारं आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रोज मोठा लोड चालवायचा असेल तर दुसरी, खोलवर उतरणं सोसणारी डीप सायकल बॅटरी बसवा, आणि इंजिन बंद असताना ती मुख्य बॅटरीपासून अलग ठेवणारा आयसोलेटर लावा.

काहीही न जोडता चालू राहिलेला इन्व्हर्टरही अँपिअरभर खातो. दोन दिवसांत ४८ अँपिअर-अवर. सकाळी गाडी सुरू होत नाही याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

जोडताना ठिणगी, उलटे टर्मिनल

शेवटची वायर टेकवताना चटकन ठिणगी उडते, कारण आतले वीज साठवणारे रिकामे कपॅसिटर एकदम भरतात. मोठ्या इन्व्हर्टरला आधी १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब मध्ये धरून जोडणी करा. इन्व्हर्टर बंदच असू द्या. बल्ब क्षणभर पेटून विझला की मग वायर थेट आवळा. पण त्याआधी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह मीटरनं तपासा, वायरीच्या रंगावर विसंबू नका. उलट जोडणीत बऱ्याच इन्व्हर्टरचे आतले फ्यूज किंवा मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) जातात.

इन्व्हर्टरचं आउटपुट दोन्ही बाजूंना पिन असलेल्या वायरीनं घराच्या सॉकेटमध्ये कधीच देऊ नका. लाइन आली की इन्व्हर्टर जळतो, आणि लाइन नसताना बाहेर तारेवर काम करणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. इन्व्हर्टरची धातूची बॉडी चेसीला जोडा, पण मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर आउटपुटचा न्यूट्रल चेसीला बांधू नका. अनेक छोट्या इन्व्हर्टरमध्ये दोन्ही आउटपुट वायरी जमिनीपासून अलग असतात.

बिघाड शोधताना

मोठ्या लोडला बीप होत असेल तर वर सांगितलेली तपासणी करा. लोड चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्हवर. दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष त्या वाटेत आहे. मग तुकड्या-तुकड्यानं मोजा, फ्यूजच्या दोन टोकांत, थिंबल आणि केबलमध्ये. जिथे आकडा उडी मारतो तिथे चूक आहे. निगेटिव्ह बाजूलाही हेच करा. दोन्हीकडे घट नसेल तरच बॅटरीकडे वळा.

दहा-पंधरा मिनिटांनी इन्व्हर्टर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल तर त्याला हवा मिळत नाहीये. सीटखालचं कार्पेट किंवा बॅग पंख्याच्या जाळीवर आली आहे का ते बघा. आणि मॉडिफाइड साइनच्या इन्व्हर्टरवर साध्या मल्टीमीटरनं १८० व्होल्ट दाखवले तर घाबरून तो परत करू नका. साधा मीटर सरासरीवरून आकडा काढतो आणि चौकोनी लहरीवर कमी दाखवतो. लहरीचा आकार कसाही असला तरी खरा आकडा देणाऱ्या ट्रू आरएमएस मीटरवर तेच २३० निघतात.

बसवल्यानंतर महिन्याभरानं इंजिन बंद करून, इन्व्हर्टर बंद करून, पाना घेऊन सगळे नट पुन्हा आवळा. निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी जोडायची. माझ्या गाडीत पहिल्याच महिन्यात फ्यूजच्या खोक्यातला एक नट पाव आटा सैल झाला होता.