हैदराबादला नवीन आलात? ईद, मोहरम अन् शादीच्या दावतीबद्दल थोडं

गच्चीबोवली, कोंडापूर, माधापूर एवढंच हैदराबाद असं समजून बरीच मराठी मंडळी वर्षभर काढतात, ऑफिसात इंग्रजी, भाजीवाल्याशी तोडकं तेलुगू, झालं. मग घरभाडं परवडेना म्हणून कोणी टोली चौकीला जातं, कोणी मेहदीपट्टणम नाहीतर मलकपेटला, आणि तिथे शेजारी, मालक, दूधवाला सगळे उर्दू बोलणारे. आणि सण सुरू झाले की दर चार दिवसांनी कोणीतरी विचारतं, ताई यांना काय म्हणायचं, तिथे काय घेऊन जायचं, जेवायला बोलावलंय पण किती वाजता जाऊ. मी मूळची परभणीची, लग्न होऊन इथे आले आणि अर्धं आयुष्य मलकपेटातच गेलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी भाषेचं. मराठवाड्यातले असाल तर घाबरायचं कारणच नाही, १९४८ पर्यंत आपण निजामाच्याच राज्यात होतो आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आजोबांची शाळा उर्दूतून झालेली घरं आपल्याकडे कितीतरी सापडतात. इथली बोली दखनी, तिच्यात नको ला नक्को म्हणतात, हो ला हौ, कशाला ला कैकू, आणि आपला जोर द्यायचा च तिथे इच होऊन बसलाय, 'ऐसाइच है', 'अभीइच आया'. एक मात्र लक्षात ठेवा, इथे परसों म्हणजे परवाच असं नाही, गेल्या महिन्यातलं पण परसों आणि गेल्या वर्षातलं पण परसों, त्यामुळे मालक म्हणाला 'परसोंइच पेंट कराया' तर भिंत हात लावून बघा.

तारखांचा घोळ सगळ्यांचा होतो. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं, आणि आपल्यासारखा अधिक महिना त्यात नाही, म्हणून प्रत्येक सण दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. रमजान उन्हाळ्यात पण येतो आणि थंडीत पण. दुसरं म्हणजे त्यांची तारीख सूर्य मावळला की बदलते, त्यामुळे 'पंधराव्या शाबानची रात' (शाबान हा रमजानच्या आधीचा महिना) म्हणजे चौदावा दिवस संपला की लगेच येणारी रात. आणि महिना २९ चा की ३० चा हे चांद दिसल्यावर ठरतं, हिलाल कमिटी संध्याकाळी जाहीर करते, कॅलेंडरवर छापलेली ईदची सुट्टी ऐनवेळी एक दिवस पुढे जाऊ शकते. परभणी-नांदेडची बस बुक करताना हा एक दिवस हातात ठेवा, ईदच्या वेळी तिकीट बदलून मिळत नाही म्हणून रडणारे दरवर्षी असतात.

रमजानमध्ये शहराचं घड्याळच उलटं होतं. पहाटेच्या खाण्याला सहरी, इथे नुसतं सहर पण म्हणतात, संध्याकाळी रोजा सोडायचा तो इफ्तार, रात्रीची लांब नमाज ती तरावीह. जुन्या शहरात दोन्ही वेळांना सायरन होतो. सरकारी ऑफिसातले मुस्लिम कर्मचारी या महिन्यात ४ वाजता निघतात, तेव्हा काम असेल तर सकाळीच उरका. संध्याकाळी इफ्तारच्या आधीचा अर्धा तास रस्त्यावर गाडी काढू नका, सगळ्यांना घरी पोचायचं असतं, आणि इफ्तार झाल्यावर पंधरा मिनिटं तोच रस्ता मोकळा मिळतो. शेजारी रोजा आहे म्हणून तुम्ही लपून पाणी प्यायची गरज नाही, कोणी काही म्हणत नाही, फक्त दुपारी दार उघडं टाकून मच्छी तळू नका एवढंच. इफ्तारला बोलावलं तर जा, खजूर नाहीतर फळं घेऊन जा, आणि वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा. इतर कुठल्याही दावतीला उशीर चालतो, इफ्तारला अजिबात नाही. दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडाशी, बसल्यावर समोर भजी-समोसे असले तरी अजान होईपर्यंत हात लावायचा नसतो.

हलीमबद्दल सगळे विचारतात. गहू, मटण, डाळी, तूप, मसाले मोठ्या देगमध्ये घालून भट्टीवर तासन् तास शिजवायचं आणि लाकडी घोटण्याने दोघं-तिघं मिळून घोटत राहायचं, गहू कुठला आणि मटण कुठलं कळता कामा नये. याचं मूळ अरबी हरीस, निजामाच्या फौजेत यमनच्या हद्रमौत भागातले अरब होते त्यांनी आणलेलं. त्यांची वस्ती बारकस, म्हणजे फौजेच्या बराकी, आणि तिथे अजून साधं हरीस सकाळी मिळतं, ज्यांना मसाला झेपत नाही त्यांनी ते खावं. हैदराबादी हलीमला २०१० साली जीआय मानांकन मिळालं, मांसाहारी पदार्थांत देशात पहिलंच. माझं मत विचाराल तर मोठ्या नावाच्या दुकानापुढे तासभर रांगेत उभं राहण्यात काही अर्थ नाही, गल्लीतल्या भट्टीवर जिथे इफ्तारनंतर अर्ध्या तासात देग रिकामी होते तिथलं चांगलं असतं.

रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी जुमातुल विदा, त्या दिवशी मक्का मशिदीची नमाज बाहेर रस्त्यापर्यंत येते आणि चारमिनारकडे गाड्या सोडत नाहीत. ईदच्या आदल्या रात्रीला चांदरात म्हणतात. लाड बाजारात लाखेच्या बांगड्यांना त्या रात्री जी गर्दी होते ती एकदा तरी बघाच, पण छोटं मूल घेऊन नको, आणि भाव करायचा असेल तर चांदरातीला नाही, आठ-दहा दिवस आधी दुपारी जा.

ईदच्या सकाळी पुरुष मंडळी नमाजला जातात, मीर आलम ईदगाहकडे सगळ्यात मोठी गर्दी. नमाजच्या आधी फितरा द्यायचा असतो, घरातल्या माणशी ठरलेलं धान्य किंवा त्याचे पैसे, गरिबाच्या घरी पण ईद व्हावी म्हणून. जकात वेगळी, साठवलेल्या संपत्तीवर वर्षाला अडीच टक्के, ती बरेच जण रमजानमध्येच देतात. तुम्ही ११ च्या सुमारास जा. 'ईद मुबारक' म्हणायचं, समोरून 'खैर मुबारक' किंवा 'आपको भी' येईल. पुरुष पुरुषांना तीनदा गळाभेट देतात, बायका बायकांना. बायकांपुढे पुरुषाने आणि पुरुषांपुढे बाईने आपण होऊन हात पुढे करू नये, उजवा हात कपाळाशी नेऊन आदाब केलं की काम होतं, आणि वयस्कर बायकांना तर ते फार आवडतं. शीरखुर्मा येईल, दूध, शेवया, खारीक, चारोळी, बदाम, पूर्ण शाकाहारी आहे, निःशंक खा. घरातल्या पोरांना ईदी द्या, कोऱ्या नोटा आधीच काढून ठेवा. पहिल्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी पण चालतं, त्याला बासी ईद म्हणतात आणि मला विचाराल तर गप्पा त्याच दिवशी होतात, पहिल्या दिवशी घरच्या बायका स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत.

बकरीद म्हणजे जिलहिज्जा महिन्याची १० तारीख, कुर्बानी तीन दिवस चालते. मटणाचे तीन वाटे, एक घरचा, एक नातेवाईक-ओळखीच्यांचा, एक गरिबांचा. तुम्ही दुसऱ्या वाट्यात येता, म्हणजे पिशवी दारात येणार. खात नसाल तर दोन दिवस आधी सरळ सांगून टाका, 'हम लोग गोश्त नहीं खाते भाभी', त्यांना अजिबात राग येत नाही, उलट कोणीतरी मिठाई पाठवतं. पिशवी घेऊन मागच्या दाराने कोणाला देऊन टाकणं हे मात्र वाईट दिसतं, गल्लीत सगळं कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोहरम हिजरी वर्षाचा पहिला महिना आहे म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी हौशीने 'हॅपी मोहरम' टाकतं, तसं करू नका. करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांच्या माणसांना मारलं गेलं, त्याचा तो शोक आहे, दहावा दिवस आशूरा. शिया घरांमध्ये पुढे दोन महिने आठ दिवस लग्न नाही, नवे भडक कपडे नाहीत. मजलिस म्हणजे शोकसभा, मर्सिया आणि नौहा ही शोकगीतं, मातम म्हणजे छाती पिटणं, अलम म्हणजे निशाण, आशूरखाना म्हणजे जिथे अलम उभे करतात ती जागा, सबील म्हणजे रस्त्यावर पाणी-सरबत वाटतात तो मांडव. सबीलचं सरबत कोणीही प्यावं, नाही म्हणू नये. आपल्याकडे गावोगावी सवाऱ्या बसतात, पंजे निघतात, ते पाहिलेल्याला हे काही परकं वाटणार नाही. पत्थरगट्टीजवळचा बादशाही आशूरखाना मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९० च्या दशकात बांधला, चारमिनारनंतर थोड्याच वर्षांत, आतल्या रंगीत फरशांचं काम बघण्यासारखं आहे. आशूराला दबीरपुऱ्यातून बीबी का अलम हत्तीवर निघतो आणि जुन्या शहरातून चादरघाटला जातो. बघायला जायचं तर साधे कपडे घाला, काळे असतील तर उत्तम, आणि मातम करणाऱ्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरू नका.

मिलाद-उन-नबी म्हणजे पैगंबरांचा जन्मदिवस, रबीउल अव्वल महिन्याची १२, हिरवे झेंडे, रोषणाई, जुलूस. २०२३ मध्ये हा दिवस आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरला आले, तेव्हा इथल्या मिलाद कमिटीने जुलूस पुढे ढकलून १ ऑक्टोबरला काढला आणि हुसेनसागरचं विसर्जन नेहमीसारखं झालं. शबे बरात म्हणजे तीच शाबानची पंधरावी रात, तेव्हा रात्रभर जागरण, कब्रस्तानात जाऊन दिवे-फुलं, घरी हलवा. त्या रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते, घाबरू नका.

लग्नाचं आमंत्रण मात्र येणारच, म्हणून नीट वाचा. मांझे म्हणजे आपली हळद, सांचक म्हणजे मुलाकडून मुलीकडे कपडे-सामान जातं तो कार्यक्रम, मग मेहंदी, मग निकाह, आणि वलीमा म्हणजे मुलाकडची दावत. लग्नानंतर शुक्रवारी जावयाला बोलावून जेवण घालतात ती जुम्मागी. पत्रिकेवर ८ लिहिलं असेल तर जेवण ११ ला, कधी त्याच्याही नंतर, घरून थोडं खाऊन निघा, विशेषतः पोरांना खाऊ घाला. हॉलमध्ये जनाना म्हणजे बायकांचं आणि मर्दाना म्हणजे पुरुषांचं वेगळं असतं, नवरा-बायको दारातच वेगळे होतात आणि आत नेटवर्क नसतं, तेव्हा किती वाजता कुठे भेटायचं हे गाडीतच ठरवा. लिफाफा द्यायचा. जेवणात लुकमी, मरग म्हणजे मटणाचं सूप, बिर्याणी, सालन, शेवटी खुबानी का मीठा म्हणजे जर्दाळूचं गोड आणि डबल का मीठा, म्हणजे पावाचं. शाकाहारी लोकांनो, लुकमीत खिमा असतो, वरून चौकोनी पोळीसारखी दिसते म्हणून फसू नका. आधी कळवलं तर बगारा बैंगन आणि साधा भात मिळतो. 'बिस्मिल्लाह कीजिए' म्हणजे सुरू करा. 'बस, शुक्रिया' तीनदा म्हणावं लागतं, पहिले दोन कोणी मोजत नाही, आणि ताट झाकून धरलं तरी वाढणारा हाताच्या फटीतून वाढतो.

बिस्मिल्लाह नावाचा लहान मुलांचा पण कार्यक्रम असतो, चार वर्षं चार महिने चार दिवसांचं मूल झालं की अक्षरओळख. अकीका म्हणजे बाळाचं जावळ काढून कुर्बानी, सातव्या दिवशी. मुलाने पहिला रोजा धरला की रोजा रखाई, त्याला हार घालतात, त्याला एखादी छोटी भेट न्या. आणि कोणाकडे मयत झाली तर तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे मयतासाठी प्रार्थना असते, पुरसा द्यायला म्हणजे सांत्वनाला जायचं, फार बोलायचं नाही, 'अल्लाह सब्र दे' एवढं पुरे. रिकाम्या हाताने गेलात तरी चालतं, मिठाई मात्र चुकूनही नेऊ नका.