मिरचीच्या कुंड्या घरात घ्यायची वेळ झाली

सप्टेंबर संपत आला. न्यू जर्सीत दुपारचं ऊन अजून चटका देतंय, पण रात्रीचा पारा 50 फॅरनहाइटकडे, म्हणजे 10 अंश सेल्सिअसकडे उतरू लागला की मिरचीची वाढ थांबते. फ्रॉस्टची, म्हणजे पानं गोठवणाऱ्या रात्रीच्या थंडीची, वाट बघू नका. एका रात्रीच्या कडक फ्रॉस्टने पानं उकडल्यासारखी काळी पडतात, खोड मऊ होतं आणि झाड जातं. मध्य जर्सीत पहिला फ्रॉस्ट बहुधा ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो. कुंड्या त्याच्या दोन आठवडे आधी आत गेलेल्या बऱ्या.

मिरची मुळात एका वर्षाची नाहीच. परसात मोरीच्या पाण्यावर वाढलेलं लवंगीचं झाड दोन-तीन वर्षं मिरच्या देताना आपल्यापैकी कितीतरी जणांनी पाहिलंय. इथे ते वर्षात संपतं ते केवळ थंडीमुळे. जगवलेल्या झाडाचं खोड आणि मुळं तयार असतात, त्यामुळे नव्या रोपाच्या कितीतरी आधी ते फळाला लागतं. भूत जोलोकिया, हबानेरो या जहाल जातींसाठी तर हे करावंच. बी रुजून फळ लाल व्हायला त्यांना पाच-सहा महिने लागतात आणि आपला इथला उन्हाळा तेवढा पुरत नाही. ज्वाला किंवा ढोबळी मार्चमध्ये घरात बी टाकूनही वेळेवर येते, तिच्यासाठी खिडकी अडवू नका. लवंगीचं मनासारखं झाड हाती लागलं असेल तर ते मात्र जपाच. भारतातून कागदपत्रांशिवाय बॅगेत बी आणता येत नाही, आणि तशी लवंगी इथल्या दुकानात सहज मिळत नाही.

चुरडा-मुरडा झालेलं झाड आत घेऊ नका. पानं वाटीसारखी वळलेली, शेंडा खुजा, असं दिसलं की ते बाहेरच सोडा. हा विषाणू असू शकतो, आणि छाटणीने तो जात नाही.

आत घ्यायच्या आदल्या दिवशी हिरव्या-लाल सगळ्या मिरच्या तोडा. मग धारदार कात्रीने छाटणी. खोडाला जिथे पहिलं बेचकं फुटतं, तिथून दोन्ही फांद्यांचे दोन-तीन डोळे, म्हणजे नवे फुटवे येण्याच्या जागा, ठेवा, बाकी सगळं कापा. सहा ते आठ इंचांचा इंग्रजी वाय उरला पाहिजे. उरलेली पानंही काढा. हात कचरतो, मला कळतं, पण मावा आणि पांढरी माशी या पानांच्या पाठीवर बसूनच घरात येतात. जुनी माती झटकून मुळ्या कोमट पाण्यात धुवा, बाहेरच्या बाजूने साधारण तिसरा हिस्सा कापा आणि नव्या पॉटिंग मिक्समध्ये, लहान कुंडीत लावा. अंगणातली माती वापरू नका, तिच्यातून किडे येतात. खोडावर नर्सरीत मिळणारा कीटकनाशक साबण लेबलावरच्या प्रमाणात फवारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हिवाळ्यात झाड जगवायचं असतं, वाढवायचं नसतं. 50 ते 60 फॅरनहाइटची जागा शोधा. बेसमेंटची खिडकी चालेल, किंवा घराला लागून असलेलं, फार गार न पडणारं गॅरेज. खत अजिबात नको. आणि पाणी दोन-तीन आठवड्यांतून एकदा, तेही कपभर.

माझी पहिली तीन झाडं पाण्यानेच गेली. हीटरच्या जाळीवरच्या खिडकीत ठेवली होती आणि रोज सकाळी थोडं थोडं पाणी घालत होते. जानेवारीत कुंडी उलटी केली तर मुळ्या तपकिरी. चिमटीत धरून एक ओढली, तर वरची साल मोज्यासारखी सुटून आली आणि आत नुसता दोरा उरला. तेव्हापासून मी कुंडी आधी उचलून बघते. हाताला हलकी लागली आणि बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी असली, तरच पाणी.

काडी वाळल्यासारखी दिसली म्हणून फेकू नका. खोड नखाने जरासं खरवडा. सालीखाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस कुंडी उबदार, उजेडाच्या खोलीत आणा. दक्षिणेची खिडकी नसेल तर एलईडी ग्रो लाइट रोज 14 तास. आठ-पंधरा दिवसांत डोळ्यांतून मोहरीएवढे हिरवे ठिपके फुटतात. मग पाणी वाढवा आणि पानं आली की निम्म्या ताकदीचं खत द्या. दर रविवारी कोवळ्या पानांची पाठ बघा, मावा दिसला तर बोटाने पुसा आणि पुन्हा साबण फवारा. घरात आलेली फुलं खुडून टाका.

बाहेर नेण्याची घाई सगळ्यांना एप्रिलमध्ये होते. एखादा रविवार 75 फॅरनहाइटचा निघतो आणि कुंड्या थेट उन्हात जातात. काचेआड वाढलेलं पान पातळ असतं, त्याने कडक ऊन पाहिलेलं नसतं. दोन तासांत त्यावर कागदासारखे पांढरे चट्टे पडतात आणि ते पान सुधारत नाही. आपल्याकडचे रोपवाटिकावाले शेडनेटखालची रोपं शेतात द्यायच्या आधी हार्डनिंगला ठेवतात, तेच इथे करायचं. पहिले दोन-तीन दिवस तासभर, सावलीत, भिंतीच्या आडोशाला. मग सकाळचं कोवळं ऊन, रोज तास-दोन तास वाढवत. दुपारचं ऊन दहाव्या दिवशी. वारा जोराचा असेल तर त्या दिवशी बाहेर नेऊच नका, कोवळे फुटवे बेचक्यातून मोडतात.

रात्री बाहेर ठेवायचं ते पारा सलग आठवडाभर 55 च्या वर राहिल्यावर. मध्य जर्सीत हे साधारण मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला होतं. त्यानंतरही एखादी रात्र गार निघते, म्हणून जुनी चादर दाराशी ठेवा. संध्याकाळी काठ्यांवर ती अशी टाका की पानांना टेकणार नाही, आणि सकाळी ऊन चढायच्या आत काढा.